झिजलेली पदकं ओळखणारी ओदिल

शनिवारी सकाळी ओदिलच्या पायरीवर चिखलाने भरलेले बूट दिसले, की आमच्या गल्लीत सगळ्यांना कळतं, कुणाला तरी शेतात संत सापडलाय. बूट बाहेर काढायचे हा तिचा नियम. आत टेबलावर पांढरं फडकं अंथरलेलं असतं, फडक्यावर तंबाखूच्या डब्या, कागदी रुमालाच्या पुरचुंड्या, आणि भोवती नुसत्या मोज्यांवर बसलेले चार-पाच बाप्ये, शाळेतल्या पोरांसारखे गप्प. मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारी ही मंडळी. नाणं सापडलं तर त्यांचं त्यांना कळतं. बटण, बक्कल, बंदुकीची गोळी, तेही कळतं. पण गळ्यात घालायचं एखाद्या संताचं हिरवं पडलेलं, झिजलेलं पदक हाती लागलं की ते ओदिल बेलमान्सकडे येतात.

"कोण आहे गं ही, ओदिल?"

"आधी सांग, घासलंस का?"

"जरासंच. पॅन्टला."

"मग पॅन्टलाच विचार."

असं म्हणते, पण बघते. दिवा टेबलाच्या पातळीला आणते, म्हणजे उजेड आडवा पडतो आणि जे बोटाला लागत नाही त्याचीही सावली पडते. पदक अंगठ्याच्या नखावर धरून हळूहळू फिरवते. कडी उभी आहे की आडवी, कडा आठकोनी की लंबगोल, हे आधी. मग हातात काय आहे ते. चाक असेल तर कॅथरीन, चिमट्यात दात असेल तर अपोलोनिया, मांडीवर जखम आणि शेजारी कुत्रा असेल तर रोखस. तलवार आणि पायाशी साखळीने बांधलेला सैतान असला तर सांगायलाच नको, ती आमची दिम्फ्ना, आमच्या गेल गावची. नाव सांगून झालं की ओदिल पदक क्षणभर मुठीत धरते. ओठ हलतात. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "ज्याचं हरवलं त्याच्यासाठी. तो तेव्हा किती शोधत बसला असेल गं."

लग्नाआधी ओदिल हिरे घासायची. आमच्या या केम्पेन भागात तेव्हा घरोघरच्या मागच्या शेडमध्ये हिऱ्यांची चाकं फिरत. तिची आई तिला शेडमध्ये सोडून आली ती शाळा सुटली तशीच, शाळेच्या पिनाफोरवर. पुढे ते काम दूरदेशी गेलं, शेडमध्ये सायकली आल्या, पण ओदिलची नजर तशीच राहिली आणि डोळ्याला लावायचं भिंगही. नंतर तिने बेकरीत काम केलं, मुलगी वाढवली, सासऱ्यांचं केलं. पदकांशी तिचा काही संबंध नव्हता. तो आणला तिच्या नवऱ्याने, फॉन्सने.

फॉन्स खिडक्यांच्या काचा बसवायचा. निवृत्त झाल्यावर दोन महिने घरात नुसता तिच्या मागेमागे फिरला. झाकण का उघडं, नळ का ठिबकतो. मग ओदिलनेच त्याला ते मेटल डिटेक्टरचं यंत्र घ्यायला लावलं. "मला तो सोन्यासाठी नको होता," ती सांगते, "घराबाहेर हवा होता." फॉन्सने रीतसर ओळखपत्र काढलं, शेतमालकांच्या परवानग्या घेतल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात पिशवीभर पदकं आणली. शेतात एवढी पदकं कशी, याचं त्याला नवल. ओदिलला नव्हतं. जुन्या काळी घरातला केर उकिरड्यावर जायचा, उकिरड्याचं खत शेतात. तुटलेल्या जपमाळेचं पदक, कामाच्या सदऱ्यात शिवलेलं पदक, सगळं त्या वाटेने गेलं. शिवाय कुणीकुणी पिकाच्या रक्षणासाठी बांधावर मुद्दाम पुरायचे. आपल्या लोकांनी देवाला घरात कमी आणि मातीत जास्त ठेवलं, असं ती म्हणते.

आता सांगते आशिलची गोष्ट. ओदिल कशी आहे हे मला त्या वेळी नीट कळलं, शेजारी राहून इतकी वर्षं झाली तरी.

आशिल हा आमच्या गल्लीतल्या रोझामावशीकडचा पाहुणा. आमच्या गावात पूर्वी मनाने आजारी असलेली माणसं दिम्फ्नेच्या पायाशी यायची, चर्चपाशी जागा पुरायची नाही, म्हणून लोक त्यांना घरी न्यायचे. ती रीत अजून आहे. आता दवाखाना पाठवतो, नर्स येऊन बघून जाते, पण माणूस राहतो घरातच, घरच्या टेबलावर जेवतो, घरची कामं करतो. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो आणि पाहुण्याला एक गोष्ट कधी विचारत नाही: तू इथे येण्याआधी काय झालं? सांगितलं तर ऐकायचं. नाही सांगितलं तर बटाटे सोलायला द्यायचे. माझ्या आईने मला हेच शिकवलं, तिला तिच्या आईने.

आशिल तरुणपणी आला तो रोझामावशीच्या सासूच्या वेळी. सासू गेली, मावशीचा नवरा गेला, मुलं अँटवर्पला गेली. राहिले मावशी आणि आशिल. दोघंही आता म्हातारे. आशिल फारसं बोलत नाही. त्याच्या सदऱ्याच्या आत दोरीला एक पदक असायचं. बसला की त्याचा अंगठा सदऱ्यात जायचा आणि ते चोळत राहायचा. त्या सप्टेंबरात परसातल्या शेतात बटाटे काढताना ते पडलं. संध्याकाळी सदऱ्यात अंगठा घातला आणि काही नाही. नुसती दोरी.

पहिल्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन बसला आणि हातांनी माती उपसायला लागला. मावशीने ताकाची पेज केली, वर तपकिरी साखर घातली, हाताला धरून आणलं. त्याने वाटी बाजूला सारली. पाणी आणि घोटभर दूध तेवढं घ्यायचा.

आठवडाभराने नर्स कात्रैन आली. चांगली पोर आहे ती. आशिलचं वजन केलं, नाडी बघितली आणि मावशीला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी तिथेच कॉफी गाळत होते.

"मावशी, हे असं चाललं तर त्याला दवाखान्यात आत न्यावं लागेल. नळीने भरवावं लागेल."

"मग बरा झाला की आणाल ना परत?"

कात्रैनने हातातली वही मिटली. "मावशी, तुम्ही ऐंशीच्या पुढे. तो पंचाहत्तरीचा. एकदा आत गेला तर परत घरी पाठवायला मोठ्या डॉक्टरांची सही लागते. ते विचारतील, बाई एकटी, त्याला उचलणार कोण? मला खोटं सांगवत नाही. मी पुढच्या शुक्रवारी येते. तोवर त्याने काहीतरी खाल्लं पाहिजे."

ती गेल्यावर मावशी सिंककडे तोंड करून उभी राहिली. धुतलेलीच वाटी पुन्हा धुतली. "त्याला तिथे कोण ओळखतं गं?" एवढंच म्हणाली.

मी तडक ओदिलकडे गेले. फॉन्स यंत्र चार्जिंगला लावून वर्तमानपत्र वाचत होता. ओदिलने सगळं ऐकलं आणि फॉन्सच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं. "ऊठ. इतकी वर्षं मेलेल्यांची पदकं शोधलीस. आता जिवंत माणसाचं शोध."

"पदक कुणाचं आहे?" फॉन्सने विचारलं.

"आशिलचं."

"तसं नव्हे. पदकावर कोण आहे?"

मी आणि ओदिल दोघी एकदमच म्हणालो, "दिम्फ्ना!" दुसरं कोण असणार? आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्या गळ्यात दिम्फ्ना घालतात. चर्चमध्ये मिळते ती पितळेची किंवा चांदीची. मावशीला विचारलं तर तिनेही तेच सांगितलं. "बघितलीस का कधी?" "त्याच्या सदऱ्याच्या आत मी कशाला बघू? पण दिम्फ्नाच असणार. माझ्या सासूने घातली असणार."

फॉन्स शेतात उतरला. आशिल बांधावर बसून बघत होता. यंत्र कुई करायचं, फॉन्स वाकायचा, खुरप्याने माती उचलायचा. पहिल्या दिवसात दोन पदकं निघाली. त्यातली एक दिम्फ्ना, पितळी, हिरवी. ओदिलने ती साध्या पाण्यात बुडवून काढली आणि आशिलच्या तळहातावर ठेवली. त्याने अंगठा फिरवला आणि परत दिली. चिडला नाही, ओरडला नाही. आपण दुसऱ्याची छत्री चुकून उचलली तर जशी परत देतो, तशी दिली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक दिम्फ्ना. तीही परत. मावशी चर्चमध्ये जाऊन नवी करकरीत घेऊन आली, फादरकडून आशीर्वाद घेऊन. तीही परत. फॉन्स वैतागला. "सारं शेत दोनदा चाललो. चांदी-पितळ असतं तर यंत्र ओरडलं असतं. कावळ्याने नेलं असेल." मग आवाज खाली करून म्हणाला, "ओदिल, तुझं चाक आहे ना अजून? एक जुनी दिम्फ्ना घे, घासून गुळगुळीत कर, दोरीत ओव. बिचाऱ्याला काय कळणार आहे?"

ओदिलने त्याच्याकडे असं बघितलं की मीच नजर वळवली. "चाळीस वर्षं ज्याच्या अंगठ्याखाली आहे त्याला कळणार नाही? तुझ्या शेजारी उद्या दुसरी बाई झोपवली तर तुला कळेल की नाही?"

"घोरली नाही तर कळेल," फॉन्स म्हणाला. आम्ही हसलो, पण कुणाचं मन हसण्यात नव्हतं. बुधवार झाला होता.

गुरुवारी सकाळी ओदिल आणि मी मावशीकडे आशिलचे कपडे आवरायला गेलो. कात्रैनने न्यायचं ठरवलंच, तर बॅग तयार असावी असं मावशी म्हणाली होती. आशिलच्या बनियनांची चळत ओदिलने मांडीवर घेतली आणि एकेक घडी घालू लागली. घालता घालता थांबली.

"मावशी, हा डाग कसला?"

प्रत्येक बनियनवर, छातीच्या मधोमध, अंगठ्याएवढा राखाडी डाग होता.

"तो होय? माझ्या सासूपासून चाललंय. सोडा घातला, लिंबू लावलं, उन्हात टाकलं. फिकट होतो, जात नाही. शेवटी सोडून दिलं. आतल्या कपड्याला कोण बघतं?"

"कधी हिरवा पडलाय का?"

"हिरवा? नाही बाई. हा असाच. शिसपेन्सिलीसारखा."

ओदिल बनियन तसंच हातात घेऊन उठली आणि आपल्या घरी गेली. मी मागोमाग. तिने अलमारीतला डबा काढला, त्यातून एक हलकं, पांढरट पदक उचललं आणि बनियनच्या कोपऱ्यावर घासलं. तस्साच राखाडी पट्टा उमटला. मग पितळेचं घासलं, चांदीचं घासलं. काही नाही.

"ॲल्युमिनियम," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. "अगं, आपण काय केलं बघ. गेलचा पाहुणा म्हणजे दिम्फ्ना, हे धरूनच चाललो. चर्चमध्ये ॲल्युमिनियमची दिम्फ्ना मी उभ्या जन्मात पाहिली नाही. हे बाहेरचं आहे. हा ते घेऊनच आला होता."

फॉन्स दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा पडला. "ओदिल," तो म्हणाला, "मी यंत्राला ॲल्युमिनियम ऐकूच नको म्हणून सांगून ठेवलंय."

"म्हणजे?"

"चॉकलेटचा कागद, शीतपेयाच्या डब्याच्या कड्या, गोळ्यांची पाकिटं. सगळं ॲल्युमिनियम. दर पावलाला कुई कुई. म्हणून ते बंद ठेवतो. सगळेच ठेवतात." टोपी काढून त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे मी त्याच्यावरून दोनदा चालत गेलो."

"मग आता तिसऱ्यांदा जा. आणि सगळं ऐकून घे."

त्या दुपारी शेतात जे झालं ते जत्रेसारखं होतं. यंत्र थांबेचना. फॉन्स खूण करायचा, आम्ही खणायचो. दह्याच्या डब्याची झाकणं निघाली, दुधाच्या बाटलीची टोपणं, बिअरच्या डब्याच्या कड्या, आशिलच्याच गोळ्यांची रिकामी पाकिटं. समोरचा यानसेन, जो कधी कुणाशी धड बोलत नाही, तो आपणहून कुदळ घेऊन आला आणि प्रत्येक कडी निघाली की म्हणायचा, "ही माझी नाही हं. मी बाटलीतली पितो." मावशी खुर्ची टाकून बांधावर बसली, जपमाळ हातात. आशिल तिच्याशेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून. मीही मनातल्या मनात संत अँथनीला साकडं घातलं, हरवलेलं तोच देतो. पण खरं सांगते, मला भरवसा नव्हता. इतका कचरा बघून वाटलं, उद्या शुक्रवार, आता कशाचं सापडतंय.

बटाट्याचे वेल ओढून एका कडेला ढीग लावला होता. त्या ढिगाखाली कुणी बघितलंच नव्हतं. यानसेनने कुदळीने ढीग सारला, फॉन्सने यंत्र फिरवलं. कुई. फॉन्स गुडघ्यावर बसला. खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनीच माती चाचपली. मग ओदिलला हाताने बोलावलं.

लहान, लंबगोल, राखाडी. कडी झिजून झिजून तुटलेली. ओदिलने ते घासलं नाही. मावशीच्या बादलीत नुसतं बुडवून काढलं. एक बाजू पूर्ण गुळगुळीत, मध्ये चमच्यासारखी खोलगट झालेली. अंगठ्याचीच जागा. तिने दुसरी बाजू वर केली, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मावळतीकडे वळून उभी राहिली. ऊन आडवं येत होतं, तिच्या दिव्यासारखंच.

"उंच टोपी आहे," ती म्हणाली. "तीन मजली. म्हणजे पोप. हातात काहीतरी वाकडं..." तिने पदक एवढंसं फिरवलं. "शिंग आहे. शिंग! हा कॉर्नेलियस."

कॉर्नेलियसला कुणासाठी साकडं घालतात ते आमच्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. लहान मुलांना झटके येतात, आकडी येते, त्यांना घेऊन आया त्याच्या दारी जातात.

ओदिल बांधावर गेली, आशिलसमोर उकिडवी बसली आणि पदक त्याच्या हातात ठेवलं. खोलगट बाजू वर. त्याचा अंगठा आपोआप तिथे गेला. त्याने डोळे मिटले. छातीतून मोठा श्वास सोडला, एवढा मोठा की मावशीची जपमाळ थांबली.

"आई चालत गेली," आशिल म्हणाला. "मी पाठीवर. पाऊस होता. कॉर्नेलियसला मेणबत्ती लावली."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याने आईचं नाव काढलं नव्हतं, आणि तिने कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "पाठीवर? आणि तू तेव्हापासूनच इतका जड होतास का?"

आशिल हसला. मग म्हणाला, "भूक लागली."

मावशी ज्या वेगाने उठली ते बघून यानसेन बाजूला झाला. पेज गरम करेपर्यंत आशिलने पावाचे दोन जाड तुकडे खाल्ले, डुकराच्या मांसाची चकती घालून. मी त्याला म्हटलं, सावकाश, इतक्या दिवसांनी पोटाला. त्याने मान हलवली आणि तिसरा उचलला. ओदिल दाराशी भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण माझ्याशी बोलली ती वेगळंच. "कडी तुटलीये. नुसतं ओवता येणार नाही. फॉन्सकडून पितळेची चौकट करून घेऊ, मागची बाजू उघडी ठेवून. त्याचा अंगठा लागला पाहिजे."

"पितळेची? मग बनियनला हिरवा डाग पडेल ना!" मी म्हटलं.

"पडू दे," मावशी आतून ओरडली. "मी धुवेन!"

शुक्रवारी कात्रैन आली तेव्हा बॅग दाराशीच होती. तिने बॅगेकडे बघितलं, मग मावशीकडे, आणि तिचा चेहरा उतरला. मावशीने नुसतं परसाकडे बोट केलं. आशिल पायरीवर बसून बटाटे सोलत होता. गळ्यात नवी दोरी, चौकट होईपर्यंत पदक तिच्यातच गुंडाळून बांधलेलं. कात्रैनने त्याचं वजन केलं, काटा थोडासाच सरकला होता. पण तिने काटा सोडून त्याच्या मांडीवरच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं.

"आज काय खाल्लंस, आशिल?"

"अंडी," तो म्हणाला. "आणि तिच्या वाटचं अंडं."

कात्रैन स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली. "मावशी, कॉफी टाका. आणि ती बॅग उचला आधी, मी अडखळून पडले तर मलाच आत न्यावं लागेल."

मावशीने बॅग उघडली. बनियनं काढून एकेक करून परत फळीवर रचली, राखाडी डाग आतल्या बाजूला. ओदिल तेवढ्यात मागच्या दाराने पदकाचं माप घ्यायला फॉन्सची पट्टी घेऊन आली होती. कॉफीला थांबली नाही. शनिवारची मंडळी उद्या येणार, फडकं धुवायचं राहिलंय, म्हणाली.